गरम झाल्यावर सेल्फ (स्टार्टर) घेत नाही – नवीन सेल्फ टाकण्याआधी काय काय बघावं?

मांजराकाठ

राम राम मंडळी. ४५ एचपी, तीन सिलिंडर, दहा-अकरा वर्षं जुना ट्रॅक्टर आहे. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर "तरी सांगत होतो तो घेऊ नको" यातच सगळा धागा जाईल.

सकाळी गार असताना चालू होतो. रोटाव्हेटर मारून दुपारी बांधावर बंद केला आणि जेवण करून चाबी फिरवली की 'टक' असा आवाज येतो आणि बास. कधी टक-टक-टक. तासाभराने परत कुरकुरत का होईना फिरतो. बॅटरी मागच्या दिवाळीतली, ८८ एएचची (अँपिअर-तास). सध्या उतारावर लावून चालू करायलो, पण आमचं रान काळं नि सपाट, उतार तरी कुठून आणायचा?

गावातला मिस्त्री म्हणतो सेल्फ गेला, नवीनच टाका. लातूरला मोंढ्यात चौकशी केली, दहा हजाराच्या वर सांगायलेत. दुसरा मिस्त्री म्हणतो आधी बॅटरी बदला. मृग तोंडावर आलाय आणि पेरणी बीबीएफवर (रुंद वरंबा-सरी पद्धतीने) करायची आहे. नेमकं काय करू?

काळंरान

बॅटरीच. आमच्या बी ट्रॅक्टरला हेच झालतं. बॅटरी बदलली, विषय संपला.

बालाघाटी

अहो ते बॅटरी दिवाळीतली म्हणायलेत ना? सेल्फचे कार्बन (करंट देणारे ब्रश) संपले असतील नाहीतर बुश (आतले बेअरिंग) गेले असतील. बुश झिजले की आर्मेचर (फिरणारा भाग) आत घासतं, गरम झालं की जास्तच. नवीन कशाला घेता, खोलून बुश-कार्बन टाकून घ्या.

वायरमन_जालना

मालक, पाना हातात घ्यायच्या आधी एक काम करा. हेडलाईट चालू ठेवा, एकाला बाजूला (समोर नाही!) उभं करा आणि चाबी फिरवा. सेल्फ मारताच लाईट मरतो का तसाच लख्ख राहतो?

लाईट एकदम मंद झाला तर सेल्फ करंट मागतोय पण त्याला पुरेसा मिळत नाहीये. म्हणजे बॅटरी, बॅटरीचे टर्मिनल, मेन वायर नाहीतर अर्थ (मायनसपासून लोखंडाला जोडलेली वायर). लाईट लख्ख आणि एकच जोरात टक, तर सोलेनॉइड (सेल्फवरचा चुंबकी स्विच) ओढतोय पण पुढे मोटरला करंट जात नाही: सोलेनॉइडचे आतले कॉन्टॅक्ट जळालेत किंवा कार्बन टेकत नाहीत. मग सेल्फ उतरवण्यात अर्थ आहे. आणि लाईट लख्ख पण टक सुद्धा नाही, तर सेल्फला हातच लावू नका. इग्निशन स्विच, फ्यूज, रिले, नाहीतर क्लचच्या किंवा न्यूट्रलच्या सेफ्टी स्विचकडे जा. या तिसऱ्या प्रकारात चांगले सेल्फ उतरवलेले मी कितीतरी बघितलेत. सेल्फ खोलतात, कार्बन टाकतात, परत बसवतात, आणि दोष असतो क्लच पेडलखाली चिखलाने अडकलेल्या बटणात.

मांजराकाठ

आताच बघितलं. लाईट पार मरतो. काट्यांचं पॅनल पण मंद होतं.

काळंरान

मंग? बॅटरीच म्हणलं ना.

वायरमन_जालना

असेलही. पण लाईट मरतो म्हणजे बॅटरीच मेली असं नाही. तुमच्याकडे डिजिटल मल्टिमीटर आहे का? नसेल तर साधा तीन-चारशेचा घ्या, बाजारात कुठंही मिळतो. डीसी २० व्होल्टवर ठेवा.

इंजिन चालू होऊ द्यायचं नाहीये, नुसतं फिरवायचंय. म्हणून स्टॉपचा दांडा ओढून धरा. गिअर न्यूट्रल, पीटीओ (अवजार फिरवणारा मागचा शाफ्ट) बंद, हँडब्रेक लावलेला. माप घेणारा चाकाच्या पुढे-मागे उभा राहणार नाही.

ट्रॅक्टर रात्रभर बंद असताना बॅटरीच्या शिशाच्या खुंट्यांवर माप घ्या. क्लॅम्पवर नाही, खुंटीवर. १२.६ च्या आसपास म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी. १०.५ आली तर एक सेल बसला, तिथंच निकाल लागला. मग दुपारी, जेव्हा त्रास देतो तेव्हाच, चाबी फिरवून धरलेली असताना चार मापं घ्या:

– बॅटरीच्या दोन खुंट्यांवर.
– बॅटरीची प्लस खुंटी ते सेल्फचा जाड बोल्ट, म्हणजे मेन वायर येते तो.
– सेल्फची बॉडी (रंग खरवडून) ते बॅटरीची मायनस खुंटी.
– सेल्फचा जाड बोल्ट ते सेल्फची बॉडी.

प्रत्येक वेळी दोन-तीन सेकंद, जास्त नाही. मधे मिनिटभर थांबा. बॅटरीच्या खुंट्यांवरच साडेनऊच्या खाली गेलं तर बॅटरी कमजोर किंवा सेल्फ जाम होऊन प्रमाणाबाहेर ओढतोय. बॅटरीवर चांगलं आणि सेल्फवर कमी, तर मधल्या वायरी चोर. प्लसच्या बाजूला अर्ध्या व्होल्टच्या वर आणि अर्थच्या बाजूला पाव व्होल्टच्या वर गेलं की मी ती बाजू सोडवतो.

आणि हे सगळं सेल्फ मारतानाच. बंद असताना सगळीकडे १२.६ च दिसणार. पाईपलाईन गाळाने भरली तरी तोटी बंद असताना प्रेशर पूर्णच दाखवतं की, उघडल्यावर धार कळते.

बालाघाटी

एवढं करण्यापेक्षा मीटर ओहमवर लावून वायर तपासली तर? पीं वाजला की चांगली.

वायरमन_जालना

तिथंच फसगत होते. सेल्फ २०० ते ३०० अँपिअर ओढतो. २५० अँपिअरला नुसता ०.०२ ओहम अडथळा असला तरी ५ व्होल्ट तिथंच गेले. तुमच्या मीटरच्या लाल-काळ्या वायरींचाच अडथळा त्यापेक्षा जास्त असतो, त्यामुळे मीटर काय सांगणार? केबलमधली एक तार शाबूत असली तरी पीं वाजतो. जाड वायर लोडवरच तपासायची.

जुना_फोरमन

वायरमन बरोबर सांगताहेत. ज्यांच्याकडे मीटर नाही त्यांच्यासाठी जुनी रीत: जाड जंपर केबल घ्या, एक टोक बॅटरीच्या मायनस खुंटीला, दुसरं सेल्फच्या बोल्टजवळ उघड्या लोखंडाला घट्ट धरवा आणि ड्रायव्हर सीटवरून चाबी मारा. जोरात फिरला तर अर्थ खराब. काही न बदलता दोन मिनिटांत उत्तर.

दुसरी गोष्ट, आणि ही कुणी हसण्यावारी नेऊ नये. खाली उभं राहून पेचकसने सेल्फचे बोल्ट शॉर्ट करून ट्रॅक्टर चालू करायची खोड आपल्याकडे सगळ्यांना आहे. तसं केलं की क्लचचा, न्यूट्रलचा, सगळे सेफ्टी स्विच बाजूला पडतात. गिअरमध्ये असेल तर डिझेल इंजिन लगेच पकडतं आणि मागचं चाक तुमच्या अंगावर येतं. माणसं गेलीत अशी. तपासणीसाठी सुद्धा करू नका.

पूर्णाथडी

+१. आमच्या शेजारच्या शिवारात एकाचा पाय गेला याच्यात.

काळंरान

बरं, हे तरी मान्य करा की दुसऱ्याच्या ट्रॅक्टरची बॅटरी लावून बघणं सगळ्यात सोपं.

जुना_फोरमन

मान्य. पण जंपर लावताना तुम्ही दुसऱ्या बॅटरीचं मायनस कुठं लावता? इंजिनच्या लोखंडाला लावलं आणि चालू झाला, तर तुम्ही म्हणणार "बघा, बॅटरीच होती". प्रत्यक्षात तुम्ही खराब अर्थ वायरला वळसा घातलेला असतो. तुमची बॅटरी बदलल्यावर विषय संपला म्हणता, तेव्हा टर्मिनल पण नव्याने घासून घट्ट केले असतील ना?

काळंरान

केलते. म्हणजे जुनी बॅटरी चांगली होती म्हणायचं का आता 😀 ती तर दुकानदाराने बदल्यात घेतली.

मांजराकाठ

मापं घेतली. दुपारी दोन वाजता, रोटाव्हेटर मारून आल्या आल्या. पोराने चाबी धरली, मी मीटर.

रात्रभर बंद: १२.५
चाबी मारताना बॅटरीच्या खुंट्यांवर: ११.२
प्लस खुंटी ते सेल्फचा बोल्ट: ०.४
सेल्फची बॉडी ते मायनस खुंटी: ६.३
सेल्फचा बोल्ट ते बॉडी: ४.५

६.३ वर विश्वास बसला नाही म्हणून परत घेतलं. तेवढंच. मायनसच्या वायरीला हात लावला तर टोकाला चटका बसला.

वायरमन_जालना

०.४ अधिक ६.३ अधिक ४.५, किती झाले? ११.२. हिशेब तंतोतंत लागला म्हणजे मापं खरी आहेत. सेल्फला बिचाऱ्याला साडेचार व्होल्ट मिळताहेत, तो काय फिरणार. निम्म्याहून जास्त बॅटरी तुमची अर्थ वायर खातेय.

वायर बॅटरीकडून कुठं जाते ते बघा. ट्रॅक्टरला जीपसारखी वेगळी चेसिस नसते, इंजिन आणि गिअरबॉक्सचं हाऊसिंग हीच चेसिस. त्यामुळे ही एकच वायर आहे, हिला दुसरा पर्याय नाही.

मांजराकाठ

सोडवली. बॅटरीच्या ट्रेच्या खाली एका बोल्टला आवळलेली होती, वरून रंग मारलेला. रंग थिंबलच्या (वायरीच्या टोकाच्या कडीच्या) खाली सुद्धा! दोन वर्षांपूर्वी पेंट केला तेव्हा पेंटरने न काढताच मारला असणार. तरी खरी गंमत पुढे आहे. वायर वरून काळीभोर, धडधाकट. थिंबलजवळ नखाने दाबली तर आतून कुरकुर आवाज आला. ब्लेडने चिरली, आत हिरवट भुकटी. तारांचे तुकडे हातात आले, मोजक्याच तारा जिवंत होत्या, त्याही काळ्या पडलेल्या. बॅटरीचं पाणी वरून झिरपून थिंबलमध्ये शिरत असणार.

जुना फोरमन काकांची जंपरची रीत पण करून बघितली. चाबी फिरवली आणि गरम असताना असा फिरला की पोरगं सीटवर दचकलं.

बालाघाटी

म्हणजे सेल्फ वाचला. पण मग सकाळी गार असताना कसा चालायचा?

वायरमन_जालना

काठावर चालत होता. तांबं गरम झालं की त्याचा अडथळा वाढतो, दर अंशाला साधारण ०.४ टक्का. सेल्फ इंजिनला चिकटलेला, दिवसभर रोटाव्हेटरच्या लोडवर राहिलं की तो गारवेळेपेक्षा पन्नास-साठ अंश तरी वर जातो. म्हणजे आतल्या वायंडिंगचाच अडथळा वीस-पंचवीस टक्क्यांनी वाढला. त्यात आपल्याकडचं ४२-४३ चं ऊन. चांगल्या वायरीवर हे जाणवत सुद्धा नाही, मेलेल्या वायरीवर तेवढंच निमित्त पुरतं. म्हणून "गरम झाल्यावर घेत नाही" म्हटलं की लोक सेल्फलाच धरतात.

आता नवीन वायर करताना पैसे वाचवू नका. जुनीच्या जाडीची किंवा एक नंबर जाड, शुद्ध तांब्याची. थिंबल हातोडीने ठोकून चपटं करू नका, क्रिम्पिंगच्या प्रेसने दाबून घ्या, वरून हीट स्लीव्ह. बोल्टची जागा चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासा, दातेरी वॉशर घाला, आवळा, आणि आवळल्यावर वरून व्हॅसलीन लावा. बॅटरीच्या खुंट्यांवरचं पांढरं-हिरवं गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवा, पाणी सेलमध्ये जाऊ देऊ नका. काढताना मायनस आधी काढायची, लावताना मायनस शेवटी.

मिस्त्री_परतूर

सगळे मिस्त्रीला शिव्या घालायच्या आधी आमची बाजू पण ऐका. गिऱ्हाईक येतं ते असं: "उद्या पेरणी हाय, आजच्या आज चालू करून दे." मी मीटर लावून अर्धा तास बसलो तर म्हणतंय "ह्याला काय येत नाही, नुसतं बघत बसलाय". आणि शोधण्याचे पैसे कुणी देत नाही. पार्ट टाकला तर देतात. अर्थ वायर बदलली आणि पाचशे सांगितले तर "एका वायरीचे पाचशे?" असं ऐकवतात. मग जे दहा ट्रॅक्टरपैकी सहाला लागू पडतं ते आधी टाकतो माणूस.

मांजराकाठ

हे पटलं बरं का. मी पण "आजच चालू करून द्या" असंच म्हणलो होतो.

गोदाकाठ

तुम्हाला एवढी काय घाई? ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नका असं परभणीच्या कृषी विद्यापीठापासून सगळेच दरवर्षी ओरडून सांगतात, आणि आपण पहिल्या शिडकाव्यालाच ट्रॅक्टर काढतो. तेवढ्या दिवसांत चार वायरी तपासून होतात.

ऊसवाला_माजलगाव

धागा वर आलाय तर माझं पण घ्या. दोन ट्रॉल्यांवर ऊस वाहतूक. कारखान्यावर नंबर लागायला रात्र रात्र जाते. एक-दोन दिवस उभा राहिला की बॅटरी बसते. डायनमो चार्ज करत नाही म्हणून तो बदलायला सांगितलाय. बॅटरीची लाल लाईट मात्र चालू झाल्यावर विझते.

वायरमन_जालना

इंजिन मध्यम थ्रॉटलवर ठेवून बॅटरीवर माप घ्या. १३.८ ते १४.४ च्या मधे असेल तर डायनमोला नाव ठेवायचं कारण नाही. १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर खराब, पाणी सारखं आटेल. १२.५ च्याच आसपास राहिलं तर मग पुढचं बघू: पट्टा ढिला आहे का (अंगठ्याने दाबल्यावर बोटभर रुंदीपेक्षा जास्त दबायला नको), मागचा जाड बोल्ट सैल आहे का. आणि चाबी ऑन केल्यावर, इंजिन बंद असताना, ती लाल लाईट पेटते का ते बघा. बऱ्याच अल्टरनेटरला (आपण डायनमो म्हणतो तोच) सुरुवातीचा करंट त्या बल्बमधूनच मिळतो. बल्ब उडाला तर चार्जिंग जागं होत नाही आणि लोक अल्टरनेटर बदलतात.

ऊसवाला_माजलगाव

१४.१ येतंय. लाईट पण पेटते आणि विझते.

वायरमन_जालना

मग डायनमो सोडा. रात्री कुणीतरी पितंय. डेक आहे का?

ऊसवाला_माजलगाव

आहे की. अँप्लिफायर, चार स्पीकर, वर एलईडीची पट्टी. ट्रॉलीवर ऊस आणि गाणी नाहीत असं कसं चालंल.

वायरमन_जालना

चाबी बंद करा, सगळे स्विच बंद. मायनसचा क्लॅम्प काढा. मीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात घालून मीटर खुंटी आणि क्लॅम्पच्या मधे लावा. या स्थितीत चुकूनही सेल्फ मारायचा नाही, मीटरचा फ्यूज उडेल. जुन्या साध्या ट्रॅक्टरला जवळजवळ शून्य यायला पाहिजे. घड्याळ किंवा रेडिओच्या मेमरीसाठी ५० मिलिअँपिअरपर्यंत समजू शकतो. जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा पडतो तो रस्ता पकडा.

ऊसवाला_माजलगाव

१.८ अँपिअर! कुठलाही फ्यूज काढला तरी हालत नाही. अँप्लिफायरची वायर काढली आणि शून्य झालं. डेकवाल्याने चालू करायची बारीक वायर पण सरळ बॅटरीलाच जोडलीय, म्हणजे तो कायम जागाच.

जुना_फोरमन

१.८ अँपिअर म्हणजे दीड दिवसात ६५ एएच. ८८ च्या बॅटरीत सेल्फपुरतं काय उरणार. ती बारीक वायर चाबीवरून घ्या आणि अँप्लिफायरच्या जाड वायरीला बॅटरीजवळच फ्यूज टाका. तिथं फ्यूज नसलेली वायर कुठं घासली तर बॅटरीची सगळी ताकद त्या ठिणगीत येते, आणि मागे वाळकं पाचट असतं.

पूर्णाथडी

फ्यूजवरून आठवलं. आमचा ट्रॅक्टर कडब्याच्या गंजीशेजारी लावतो. उंदरांनी डॅशखालची वायरिंग कुरतडली, फ्यूज टाकला की उडतो. ड्रायव्हरने कंटाळून तांब्याची तार गुंडाळली, मी बघितल्यावर काढली. आता सगळं हार्नेस (वायरिंगचा जुडगा) बदला म्हणतायत. तेवढे पैसे घालायचे का?

वायरमन_जालना

तार काढलीत ते फार बरं केलं, नाहीतर हार्नेसच पेटलं असतं.

फ्यूजच्या जागी २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब दोन वायरी लावून जोडा. शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटेल, पण करंट पावणेदोन अँपिअरच्या वर जाणार नाही, त्यामुळे काही जळत नाही. मग त्या फ्यूजवर चालणाऱ्या सगळ्या वस्तू बंद करून हार्नेस हलवत जा, एकेक कनेक्टर सोडत जा. जिथं बल्ब विझला तिथं उंदीर बसला होता. बहुतेक वेळा एखाद-दोन फूट वायर बदलून भागतं. तांबं उघडं पडलेल्या प्रत्येक जागी सोल्डर आणि हीट स्लीव्ह. चिकटपट्टी नको, उन्हाळ्यात ती पाघळून सुटते.

बालाघाटी

हा बल्बचा जुगाड भारी आहे. असला टेस्ट लॅम्प आणि मीटर यात काय वापरावं?

वायरमन_जालना

दोन्ही. ट्रॉलीचं उदाहरण देतो. ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद लुकलुकतो, इंडिकेटर लावला की टेल लाईट हलते. मीटर लावलं तर होल्डरमध्ये १२ व्होल्ट बरोबर दाखवतं. कारण मीटर करंट ओढतच नाही, एका गंजक्या तारेवरून सुद्धा त्याला १२ दिसतात. टेस्ट लॅम्प लावला की लगेच मंद पेटतो आणि खोटेपणा उघडा पडतो. दोष बल्बचा नसतो, ट्रॉलीला अर्थ मिळतो तो हुकच्या पिनेतून. तिथं गंज, ग्रीस आणि माती. मग बिचारा करंट दुसऱ्या बल्बमधून घरी परतायला रस्ता शोधतो. प्लगमधून ट्रॉलीच्या लोखंडापर्यंत वेगळी अर्थ वायर ओढा. ऊस वाहतुकीच्या सीझनआधी हे प्रत्येकाने करावं, रात्री मागची लाईट नसलेली ट्रॉली किती जणांना दिसत नाही ते आपण दरवर्षी वाचतोच.

तेरणाकाठ

टेस्ट लॅम्प सगळीकडे चालतो का? माझा ५५ एचपी नवीन मॉडेल आहे. ट्रॅक्टरला जोडलेल्या नांगराला वेल्डिंग मारलं, त्यानंतर इंजिनची लाईट लागली आणि ताकद कमी झाली. सेन्सर बदलायला सांगितलाय.

जुना_फोरमन

तुमच्यावर टेस्ट लॅम्प मुळीच नाही. १ जानेवारी २०२३ पासून ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरांना ट्रेम-४ प्रदूषण नियम लागले, त्यात बहुतेक कंपन्यांनी कॉमन रेल (जास्त दाबाने डिझेल सोडणारी पद्धत) आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) दिला. सेन्सरच्या वायरी ५ व्होल्टवर आणि अगदी थोड्या करंटवर चालतात. तिथं २१ वॅटचा बल्ब लावला तर ईसीयूच जळायचा, आणि त्याच्या किमतीत तुमचे दोन बैल येतील.

वेल्डिंगचा करंट ट्रॅक्टरमधून फिरला असणार. पुढच्या वेळी अवजार सोडून लांब नेऊन वेल्ड करा. ते जमत नसेल तर आधी बॅटरीची मायनस काढा, ईसीयूचे कनेक्टर सोडा, आणि वेल्डिंगचा अर्थ क्लॅम्प वेल्डच्या अगदी शेजारी लावा.

आता सेन्सर घेण्याआधी स्कॅनर लावून कोड काढून घ्या, आणि कोड कागदावर लिहून मागा. कोडात सेन्सरचं नाव आलं म्हणजे सेन्सर खराब असं नाही. त्या सर्किटमधून येणारा सिग्नल ईसीयूला पटत नाही, एवढंच तो सांगतो. कनेक्टरमध्ये पाणी, वाकलेली पिन, उंदराने खाल्लेली वायर, तुटका अर्थ, सगळ्याला तोच कोड येतो. कनेक्टर काढून चाबी ऑन ठेवा आणि मीटरने ५ व्होल्ट येतात का बघा. ते येत नसतील तर नवीन सेन्सर टाकून पण तोच कोड येणार.

तेरणाकाठ

कोड घेतला. कनेक्टर काढला तर आत पाणी आणि हिरवं. वेल्डिंगच्या आदल्या दिवशी प्रेशरने धुतला होता हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून वाळवला, कोड पुसला, अजून तरी परत आला नाही.

वायरमन_जालना

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्याकडे रांग असते ती यामुळेच. पूजेसाठी धुवा, पण अल्टरनेटर, सेल्फ आणि डॅशवर प्रेशरचा फवारा नको. ओल्या फडक्याने पुसलं तरी देव नाराज होत नाही.

मांजराकाठ

नवीन अर्थ वायर टाकून आठ-दहा दिवस झाले. गरम असताना परत मापं घेतली: बॅटरीवर १०.४, अर्थ ०.२, प्लस ०.४, सेल्फवर ९.८. बंद करून लगेच मारला तरी उचलतो. वायर, थिंबल आणि प्रेसची मजुरी मिळून हजाराच्या आत.

जुना_फोरमन

छान. ते प्लसचं ०.४ काठावर आहे. पावसाळा संपला की तो बोल्ट पण काढून घासा.

काळंरान

माझा अजून एक. चाबी बंद केली तरी इंजिन बंद होत नाही, स्टॉपचा दांडा नाही, चाबीवरच बंद होतं. मागच्या महिन्यात डेक बसवल्यापासून. डिझेल पंपाचा सोलेनॉइड बदलायला सांगायलेत.

वायरमन_जालना

चालू इंजिनवर सोलेनॉइडची वायर उपटून बघा. तुमचा करंट असेपर्यंत डिझेल सोडणारा प्रकार असेल, तर वायर काढताच इंजिन बंद व्हायला पाहिजे. बंद झालं तर सोलेनॉइड चांगला, चाबी बंद असताना त्याला कुठून तरी करंट येतोय. वायर काढूनही चालूच राहिलं, तर प्लंजर अडकलाय, मग सोलेनॉइड काढून बघा.

काळंरान

वायर काढली, लगेच बंद झाला. म्हणजे इग्निशन स्विच घ्यावा लागंल?

वायरमन_जालना

स्विचचे पैसे इतक्यात देऊ नका. डेकवाल्याने जोडलेल्या सगळ्या वायरी सोडवा आणि परत चालू करून चाबी बंद करा. बऱ्याचदा डेकची वायर चार्जिंगच्या लाईटच्या वायरीला जोडलेली असते, आणि इंजिन फिरतंय तोवर अल्टरनेटरच तिथून उलटा करंट देत राहतो. डेक सोडूनही बंद झालं नाही, तर अल्टरनेटरच्या मागची ती बारीक वायर काढून बघा. तरीही चालूच राहिला तर मग स्विच.

काळंरान

डेकची पिवळी वायर तिथंच होती. काढली, बंद झाला.